वकिलासाठी निळी फौज

मंगळवार, ४ मार्च

बायकोने आज ही वही पुढ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "वकिलांबद्दल जे काही सांगायचं असेल ते यापुढे हिला सांगा. माझे कान किटले." वर पेनही दिलं, म्हणजे सबब उरायला नको. तेव्हा वहीबाई, आता तुमचे कान.

बातमी अशी की वकिलाने आपली फौज देऊन टाकली. सगळी. समोरच्या शाळेला, पेटीसकट.

कुणाला वाटेल, हा वकील म्हणजे कुठला राजाच. तो निवृत्त वकील आहे आणि मी दुकान बंद केलेला शिंपी. कधीकाळी माझ्याकडे काळा कोट शिवायला आला, कॉलरवरून कडाकडा भांडला, आणि तेव्हापासून आमचं जमलं. दर रविवारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरायचं, त्यावर बोटाएवढे शिपाई मांडायचे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाया पुन्हा लढायच्या. पलटण किती पुढे सरकली ते माझ्या टेपने मोजायचं, कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. तो फ्रेंच, निळ्या कोटांचा. मी ऑस्ट्रियन, पांढऱ्या कोटांचा. ऑस्ट्रियनच का, तर त्यांच्या कॉलरचे आणि कफचे रंग पलटणीगणिक वेगळे! कोट बघून बाजू निवडणारा सेनापती माझ्याखेरीज दुसरा झाला नसेल, आणि निकालही त्याला साजेसेच लागत आले. वकिलाने मला इतक्या वेळा पाणी पाजलंय की मला त्याची चव लागायची बंद झाली.

पण गेल्या महिन्यात मी जिंकलो! वकिलाचं घोडदळ सबंध दुपार जागचं हललं नाही. तोफा तर तो मलाच सरकवायला सांगत होता. "तूच ढकल रे मास्तर, तुझा हात पोचतो." मी ढकलल्या, आणि मग माझ्याच पलटणी पाठवून त्या ताब्यात घेतल्या. घरी येऊन हिला सगळी लढाई सांगितली, जेवताना पुन्हा सांगितली, आणि सकाळी दूधवाल्यालाही थोडी सांगितली.

आणि आता वकील म्हणतो, "पुरे झालं. पोरखेळ आहे." एका पराभवाने माणूस एवढा खचावा? इतकी वर्षं मी रविवारी हरून सोमवारी शिट्टी वाजवत हिंडत होतो. याला एकदा हरता येऊ नये?

रविवार, ९ मार्च

बोलावणं नसताना गेलो. दार ताईंनी उघडलं. ताई म्हणजे वकिलाची थोरली बहीण. दोघं भावंडं एकत्र राहतात आणि दिवसभर एकमेकांची उलटतपासणी घेत असतात.

वकील पेपर वाचत होता. पेपर हातात नव्हता, टेबलावर पसरलेला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवलेल्या.

म्हटलं, "काय वकीलसाहेब, रणांगणाचा नकाशा का?"

"पेपर आहे. दिसतोय ना?"

"मग लढाई कधी?"

"सांगितलं ना एकदा. बंद म्हणजे बंद."

"अरे, एकदा हरलास म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं? मी बघ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जरासा हसला. "हो," म्हणाला, "हरलो ते फार लागलं बघ."

कबूल तरी केलं! मला मनातून बरं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं. ताईंनी चहा आणला. मला काठोकाठ कप, त्याला मोठ्या मगात जेमतेम निम्मा. वकील चहाचा दांडगा, पण ताईंनी काटकसर काढलेली दिसते. मी होतो तोवर त्याने मगाला हातही लावला नाही. चहावर साय धरली. माझ्यावरचा राग चहावर काढत होता.

बुधवार, १२ मार्च

ताई वकिलाचे शर्ट घेऊन आल्या. दुकान बंद केलं तरी खिडकीपाशी एक मशीन ठेवलंय. ओळखीच्यांचं काम करतो, म्हणजे भाव करायला नको आणि आभार मानायला लोकांना जागा राहते.

काम विचित्र होतं. सगळ्या शर्टांची काजं बंद करायची आणि आतून ती खर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावायची. बटणं नुसती वरून शोभेला. पँटला पुढे चेन नको, कमरेला इलॅस्टिक.

मी म्हटलं, "ताई, हा माणूस काज केसभर तिरकं झालं तर शर्ट परत पाठवायचा. आणि आता इलॅस्टिक?"

"आता नाही पाठवणार परत," ताई म्हणाल्या आणि उगीचच खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर काही नव्हतं, मी नंतर पाहिलं.

मग त्या आणि ही स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत बसल्या. ताई गेल्यावर मी हिला म्हटलं, "वकिलाला म्हातारपणी फॅशन सुचायला लागली."

ही म्हणाली, "तुम्ही जन्मभर माणसांची मापं घेतलीत की नुसती कापडाची?"

हिला कधीकधी असं काहीतरी टोचून बोलायची लहर येते. मी काजं बंद केली. सुबक झाली आहेत.

शनिवार, १५ मार्च

ठरलं. वकिलाला मी नवी फौज देणार. प्लॅस्टिकची नव्हे, धातूची. त्याची जुनी फौज प्लॅस्टिकची होती, फुंकर मारली तर माघार घ्यायची. ओतीव धातूचे शिपाई समोर आले की तो विरघळेल. वाद घालतो, पण मनाने लोणी आहे.

आणि मला तरी दुसरा कोण आहे? रविवारची दुपार आली की मी घरभर फिरत राहतो आणि ही मला फर्निचरसारखी इकडून तिकडे सरकवते.

सोमवार, १७ मार्च

शिपायांच्या दुकानात गेलो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, दोन पायऱ्या उतरून खाली. मालकीणबाईंचा चष्मा डोक्यावर आणि बोटांना निळा रंग. सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याहून मोठी, म्हणून सगळेच काका.

"किती मिलिमीटरचे दाखवू, काका? उंची पायापासून डोळ्यापर्यंत धरतात हं."

"डोळ्यापर्यंत? डोक्यापर्यंत का नाही?"

"टोप्या असतात ना. कुणाची उंच, कुणाची चपटी. डोळे मात्र सगळ्यांचे जागेवर."

माणसाची नाना मापं मी घेतली, पण डोळ्यापर्यंतचं माप आजच ऐकलं. शहाणपणाचं वाटलं. मग बाईंनी खोके काढले आणि मी हरवलो. काय एकेक शिपाई! चालताना कोटाची शेपटं उडताहेत, गुडघ्यापाशी चुण्या पडल्यात, बंदुका पुढे रोखलेल्या आणि त्यांच्या टोकांना संगिनी अशा, की माझी सात नंबरची सुई लाजेल. घोडेस्वारांनी डगला एकाच खांद्यावर टाकलेला, तलवारी उगारलेल्या. एकाला भिंगातून बघत मी म्हटलं, "याची बाही चुकीची लावलीय. पुढची मागे आलीय."

"काका, ते माणूस माझ्या अंगठ्याएवढं आहे."

"म्हणून काय हात वर केल्यावर त्याला काखेत ओढणार नाही?"

बाईंनी तो बदलून दिला. पण म्हणाल्या, "हे फार नाजूक आहेत. कपाटात मांडायला छान. खेळायला घेताय तर जरा विचार करा, संगिनी वाकतात. प्रत्येकाच्या पायाखालचा पाटही बारीक आहे, धक्का लागला की कलंडतो."

मी हसलो. "बाई, ज्याच्यासाठी घेतोय त्याचा हात तुम्ही पाहिला नाही. तो टाकाने सही करायचा, रेघ हलायची नाही. असल्या बारक्या शिपायांना उचलावं तर त्यानेच!"

सर्वांत बारीक, सर्वांत टोकदार, सर्वांत देखणे निवडून काढले. घरी आणून कानशीने घासले, साच्यातून कडेला राहिलेली धातूची पातर काढली. एका निशाणवाल्याला कॉलर लावली, रंगानेच, पण लावली. वकील बघतच राहणार आहे.

रविवार, २३ मार्च

पेटी वाहून हात दुखतोय, तरी लिहितो.

पेटी त्याच्यापुढे ठेवली. ताईंनी झाकण काढलं. वकिलाचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काही रंगवलेले, बाकीचे चांदीसारखे चकचकीत, रांगेत उभे. तो कितीतरी वेळ नुसता बघत होता. "हात लाव की," मी म्हटलं. तो म्हणाला, "बघू दे रे." मी म्हटलं, "अरे, उचल! डोळ्यांनी काय लढणार आहेस?"

मग त्याने निशाणवाला उचलला. उचलला तोच तो पेटीच्या कडेवर टक टक टक आपटायला लागला, आणि सुटला. खाली पडताना पुढच्या ओळीवर पडला, ती मागच्या ओळीवर, आणि पलटणच्या पलटण आडवी. संगिनी वाकल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे अरे, सांभाळून!"

वकिलाचं तोंड लाल झालं. "असल्या काड्या घेऊन कोण खेळतं? तुला सांगितला कुणी हा उद्योग?"

"तुझ्यासाठीच आणलेत."

"मी अर्ज केला होता?"

"काय माणूस आहेस! चार शब्द गोड बोलता येत नाहीत?"

"माझ्यासाठी काही करत जाऊ नकोस, मास्तर. उचल हे."

संताप तर इतका की त्याचा हात लटलट कापत होता. दुसऱ्या हाताने त्याने तो धरला आणि टेबलाखाली घेतला. माणसाने रागाला इतकं डोक्यावर बसवू नये. मीही मग मागे राहिलो नाही. म्हटलं, "शिंप्याकडून हरलो याची लाज वाटते, कबूल कर!"

"वाटते," तो म्हणाला. "जा आता."

पेटी छातीशी धरून आलो. वाटेत एकाने विचारलं, "काय, मिठाई का?" त्याच्यावरही ओरडलो.

सोमवार, २४ मार्च

वकिलाचं नाव काढायचं नाही. कानाला खडा.

वाकलेल्या संगिनी चिमट्याने सरळ करत बसलो. मोडल्या त्या मोडल्या.

गुरुवार, २७ मार्च

ही भाजी निवडत होती, मी मशीनपाशी सुई ओवत होतो आणि वकिलाचं नाव काढत होतो. म्हटलं, "रागाने हात कापण्यापर्यंत मजल! सांग, शोभतं का?"

हिने सुरी खाली ठेवली. "अहो, रागाने हात कापतो, मान्य. पण चहा पितानाही राग येतो का? पेपर धरताना? शर्टाची बटणं लावताना?"

सुई ओवायची राहून गेली.

"कंपवात आहे त्यांना," ही म्हणाली. "औषधं चालू आहेत. ताईंनी मला कधीच सांगितलंय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"वकिलांनी ताईंना शपथ घातली होती आणि ताईंनी मला. मास्तरांना कळता कामा नये."

"मलाच का? मी काय परका आहे?"

"तुम्हाला कळलं की तुम्ही त्यांच्याशी हळू हाताने खेळाल. मुद्दाम हराल. ते म्हणाले म्हणे, सगळं जग दार उघडून धरायला लागलंय, मला एक तरी माणूस असा राहू दे जो माझ्या अंगावर धावून येतो."

ही पुन्हा भाजी निवडायला लागली. पुष्कळ वेळाने माझ्या डोक्यात आलं की म्हणजे घोडदळ हललं नाही ते... आणि तोफा ढकलायला सांगितल्या त्या...

इतक्या वर्षांतला एकच विजय माझा. तोही माझा नव्हता.

शुक्रवार, २८ मार्च

त्याच्या शर्टांची काजं मी याच हातांनी बंद केली. टीप सुबक आली म्हणून खूश होतो. आज स्वतःविषयी एवढंच.

बुधवार, २ एप्रिल

पुन्हा शिपायांच्या दुकानात. या वेळी निवड करायची रीत घरूनच ठरवून गेलो होतो. खोका उघडायचा, उजवा हात कोपरापासून जोरात कापवायचा, आणि तशा हाताने शिपाई उचलून दुसरीकडे उभा करायचा. जो उभा राहील तो आपला.

पहिलाच शिपाई उचलला तर शेजारचं गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, यांना धरा!" आणि मला पाठीमागून मिठी मारली. बाईंनी काउंटरवरून उडी मारायचीच बाकी ठेवली. खुर्ची आली, पाणी आलं, कुणीतरी माझी कॉलर सैल केली. मी म्हणतोय, "मला काही झालेलं नाही, मी निवड करतोय," आणि ते दोघं एकमेकांकडे बघताहेत. गिऱ्हाईक तर फोनच लावत होतं.

शेवटी सगळं सांगावं लागलं. मग बाई आतून एक मळकं खोकं घेऊन आल्या. "हे जुन्या साच्यातले आहेत. चाळीस मिलिमीटर. फारसे कुणी घेत नाहीत."

घेत नाहीत यात नवल नव्हतं. नाकीडोळी एकही धड नाही. कोटाला चुणी नाही, बटणं म्हणजे टिपके. शिंप्याच्या नजरेने बघितलं तर पोत्यात भरलेली माणसं. बंदुका खांद्याशी घट्ट धरलेल्या, अंगाबाहेर काही म्हणजे काही आलेलं नाही.

"उचलून बघा," बाई म्हणाल्या. "माझ्या आजोबांचा हात असाच होता. त्यांना हलका चमचा चालायचा नाही, जड लागायचा."

उचलला. वजनदार! हात कापवून बघितला तर जड गोळा हाताला आपणच खाली ओढून धरत होता. टेबलावर ठेवला तो ठप्प बसला. मी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. इतका कुरूप शिपाई मला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं.

"एकेक कशाला हलवायचा?" बाई म्हणाल्या. "पूर्ण पलटण एका जाड पाटावर चिकटवा. एकदा धरलं की सगळे एकदम सरकले."

"पण धरायचं कुठे? शिपायांची डोकी?"

तिथे बाईही अडल्या आणि मीही. मूठ लावली तर वकील एका नजरेत ओळखणार. मग मला आठवलं, पलटणीच्या मधोमध निशाण असतं. निशाणाची काठीच जाड केली तर? पकडायला ती, आणि दिसायला निशाण. त्या वेळी दुकानात मी जो ओरडलो, त्याने ते मघाचं गिऱ्हाईक पुन्हा धावत आलं.

नाजूक शिपायांतले न मोडलेले बाईंनी परत घेतले. निळे घेतले, आणि पांढरेही घेतले.

"पांढरे तर आहेत ना तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

आहेत. सुंदर आहेत. पण एकाच्याच फौजेला काठ्या लावल्या तर तो दयेचा अर्ज ठरेल. दोघांना सारखं पाहिजे. माझे देखणे पांढरे कोट आता कपाटात. कॉलरसकट.

शनिवार, १२ एप्रिल

घरभर वॉर्निशचा वास. जेवणाचं टेबल मी बळकावलंय आणि ही ओट्यावर उभ्याने जेवते, पण कुरकूर नाही. निशाणं मी कापडाचीच शिवली, हिने कडा दुमडून दिल्या. पहिली पलटण पुरी झाली तेव्हा हिने निशाणाची काठी धरून उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "फौज आहे की डब्याचं झाकण?"

"दिसतं का तसं?"

"मला दिसतं. वकिलांना काय दिसणार ते तुम्हीच बघा. त्यांना सांगणार काय आहात?"

"सांगणार की माझे डोळे अधू झालेत, बारीक शिपाई दिसत नाहीत, म्हणून मोठे आणले. माझ्यासाठी खेळ."

"बरं. मग मी वकील. मास्तर, डोळे अधू झाले तर सुई कशी ओवता?"

"ती... सवयीने."

"आणि चष्मा का नाही बदललात?"

"बदलणार आहे."

"कधी?"

मी वॉर्निशचा डबा उघडला. ही म्हणाली, "पहिल्याच तारखेला हरणार तुम्ही." मग जरा थांबून, "पण जा."

रविवार, २० एप्रिल

गेलो. दोन पेट्या, एक माझ्या हातात, एक हिच्या. हिला म्हटलं होतं, तू नको येऊस, तर म्हणाली, मी ताईंकडे चाललेय, तुमच्याकडे कोण येतंय.

वकिलाने दार उघडलं आणि पेट्या बघून बंद करायला लागला. मी पाय घातला. पायाला लागलं. "ऐकून तर घे!" म्हटलं. "माझे डोळे गेलेत."

"दोन्ही?"

"म्हणजे, अधू झालेत. बारीक दिसत नाही. म्हणून हे थोराड शिपाई आणले. तू खेळला नाहीस तर मी कुणाशी खेळू?"

त्याने आत येऊ दिलं. ताईंनी पेटी उघडली. वकिलाने वाकून एकेक पलटण न्याहाळली, हात पाठीमागे बांधून, कोर्टात हिंडायचा तसा.

"निशाणं कुणी शिवली?"

"मीच."

"टीप बारीक आहे."

"हो ना! कडेला तर बघ, दुहेरी..." आणि मी थांबलो.

"काठ्या चांगल्याच जाड आहेत."

"तेव्हा... जाड असत."

"अंगठ्याएवढ्या?"

"काही काही पलटणींत."

वकील वळला. "ताई, साक्षीदार धादांत खोटं बोलतोय."

"मग काय ते फाशी वगैरे दे त्याला," ताई म्हणाल्या, "पण लवकर ठरव. टेबल लागणार आहे मला."

कुणी हसलं नाही. वकिलाने खुर्ची ओढली, बसला, आणि पाठीमागचा उजवा हात पुढे आणून हिरव्या कापडावर उघडा ठेवला. हात कापत होता. त्याने तो धरला नाही, लपवला नाही. टेबलाला त्याची बारीक थरथर लागत होती.

"बघ," म्हणाला. "पोटभर बघून घे."

"बघितला."

"मग? आता दया येणार तुला. माझ्यापुढे गोगलगाय होणार."

मी फाटक्या आवाजात ओरडलो. "दया? तुझ्यावर? अरे, दया करायला मी कधी तुझ्यापुढे असायला हवा ना! जन्मात एकदा जिंकलो, तर तेही खोटं निघालं. दूधवाल्याला सांगून बसलोय मी! मला ती लढाई परत पाहिजे. खरी. मांड तुझी फौज."

वकिलाने पुढे होऊन निळ्या पलटणीचं निशाण मुठीत धरलं. पलटण हलली. सगळे शिपाई एकदम थडथडले, खरोखर चालत निघाल्यासारखे, आणि पाट सरकत सरकत पुढे आला. ठप्प. एकही पडला नाही.

"टेप लाव, मास्तर," तो म्हणाला. "किती झालं?"

मी टेप लावला. आकडा मला दिसेना. तेवढ्यापुरते डोळे खरोखर अधू झाले होते. ताईंनी वाचून सांगितला.

मी फासे उचलले तर वकिलाने डावा हात पुढे केला. "इकडे दे ते. आजपासून दोघांचेही फासे मीच टाकणार." आणि उजव्या हाताच्या पंजात फासे घेऊन म्हणाला, "मला वेगळे हलवायचे कष्ट नाहीत."

आधी ही हसली. मग ताई हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या.

सोमवार, २१ एप्रिल

हरलो.

हे मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो: मी जीव तोडून लढलो आणि हरलो. सगळ्या तोफा टेकडीमागे ठेवल्या. बेत असा की वकिलाला त्या दिसू नयेत, आणि तो जवळ आला की एकदम डागायच्या. बेत उत्तम होता. फक्त टेकडीमागून त्यांनाही काही दिसत नव्हतं. वकिलाच्या पलटणी निशाणं थडथडवत सरळ मधून आल्या आणि कपाटातले पांढरे कोट कधी पळाले नसतील इतक्या वेगाने माझे हे पांढरे कोट मागे गेले.

घरी येताना ही म्हणाली, "चांगलं केलंत, हरलात ते. किती खूश होते ते."

मी रस्त्यात थांबलो. "मी मुद्दाम हरलो नाही!"

"नाही, नाही," ही म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं संसार करून बाईने असा हात फिरवावा!

आज सकाळी वकिलाचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मास्तर, तोफा टेकडीमागे?"

"तो डाव होता."

"कसला डाव? शेंबडं पोरही तिथे तोफा ठेवणार नाही. तू मला जिंकू दिलंस."

"तुझ्या गळ्याची शपथ, मी खरं लढलो."

"माझ्या गळ्याची कशाला, स्वतःच्या गळ्याची घे. जन्मभर खोटे साक्षीदार बघितलेत मी. रविवारी ये, आणि या वेळी इमानदारीने लढ. नाहीतर दार उघडणार नाही." आणि फोन आपटला. दोनदा आपटल्याचा आवाज आला. हात कापत असणार, किंवा पहिल्या आपटण्याने त्याचं समाधान झालं नसणार.

आता मी काय करू? खरं लढलो तर हरणार. हरलो की तो म्हणणार, दया केलीस. जिंकल्याखेरीज माझ्या इमानावर त्याचा विश्वास बसायचा नाही, आणि जिंकणं तर मला येत नाही. म्हणजे दर रविवारी जायचं, हरायचं, शिव्या खायच्या आणि पुन्हा पुढच्या रविवारी इमान सिद्ध करायला जायचं. याला अंत दिसत नाही.

सकाळपासून हिरवं कापड जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून टेकडी बघतोय. या बाजूने, त्या बाजूने, अगदी पोटावर झोपूनही बघितली. ही दोनदा ओलांडून गेली. काहीही म्हणा, तोफांना जागा चांगली होती.